कमलाबाईंना पैसा कुठून मिळाला?

आमच्या सिरोंच्यात बी.एस्सी. झालेल्या मुलीनं पुढं शिकायचं म्हटलं, की घरात पहिला प्रश्न पैशाचा. जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर दूर. त्यात एम.एस्सी., पीएच.डी. म्हणजे होस्टेल, मेस, फी. एवढ्यात तर लग्न उरकेल, असंही कुणीतरी बोलून जातं. अशा मुलींना मी कमला सोहोनींबद्दल सांगते.

कमलाबाई माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. जन्म इंदूरचा, १९११ चा. वडील आणि काका दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली बी.एस्सी. उत्तम गुणांनी पास होऊन कमलाबाईंनी तिथंच अर्ज केला. संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. पण त्या हटल्या नाहीत. शेवटी पहिलं वर्ष काम बघू, मग ठरवू, या अटीवर प्रवेश मिळाला. अट अपमानाचीच होती आणि तो सल त्यांच्या मनात कायम राहिला. पण वर्षभराच्या कामानं रामन यांचं मत बदललं आणि मागून येणाऱ्या मुलींची वाट सोपी झाली. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या.

पुढं केंब्रिज. हा खर्च पेलला तो मुंबई विद्यापीठाच्या दोन शिष्यवृत्त्यांनी. एक स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ती, दुसरी सर मंगळदास नथुभाई यांच्या नावाची. वनस्पतींच्या पेशींमधल्या सायटोक्रोम सी या घटकावर काम करून १९३९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केलं, विद्यार्थी घडवले, संचालकपदही सांभाळलं. १९९८ साली त्या गेल्या.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हे, ती कामाची पावती आहे. मात्र अर्ज कुठं करायचा, हे कमलाबाईंच्या घरात ठाऊक होतं. आमच्या मुलींकडं हुशारी आहे, कमी पडते ती नेमकी ही माहिती.

म्हणून सांगते. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली, तर पीएच.डी. करताना २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. आदिवासी मुलींसाठी परदेशी शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या आहेत. पण ऐन वेळी अडतं ते कागदांवर. तेव्हा मैत्रिणींनो, मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेली, की उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी यांच्या मागं लागा. लग्नाचं नंतर बघू.