पंडिता रमाबाई व पुनरुत्थानाचें जीवन

शिरूर व दौंड तालुक्यांतील मंडळ्यांस केडगांवचें मुक्ति मिशन परिचित आहे. त्याच केडगांवीं पंडिता रमाबाईंची कबर आहे. ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या ख्रिस्तवासी झाल्या. त्या वर्षींचा ईस्टरचा सण अवघ्या ११ दिवसांवर आला होता. त्या सणाचा अर्थ त्यांच्या चरित्रांत कसा दिसून येतो, हें आपण पाहूं.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकांचा रोष सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, व आईनें ती विद्या मुलीस दिली. पुढें दुष्काळांत आईबाप व थोरली बहीण हीं अन्नान्न करीत गेलीं. रमाबाई व बंधु श्रीनिवास पायीं भटकत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता ही पदवी दिली. १८८० सालीं बंधु वारले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. परंतु १८८२ च्या फेब्रुवारींत तेहि पटकीनें गेले. वयाच्या २३ व्या वर्षीं रमाबाईंच्या पदरांत उरली ती तान्ही मनोरमा.

१८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या व तेथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यानंतर कित्येक वर्षें त्यांच्या जिवास खरी शांति नव्हती. धर्म मिळाला, पण धर्माचा प्रभु अद्याप भेटला नाहीं, हें त्यांनीं पुढें स्वतःच्या साक्षींत मोकळ्या मनानें कबूल केलें. हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मचरित्र त्यांच्या वाचनांत आलें. तो दुसऱ्यांस उपदेश करीत असतां स्वतः मात्र नव्या जन्मावांचून होता. तें वाचून रमाबाईंनीं आपलें अंतःकरण तपासलें, आणि जिवंत ख्रिस्तास शरण गेल्या.

१८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास आणिलें. १८९६-९७ च्या सुमारास तेव्हांच्या मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. उपासमार म्हणजे काय हें ज्या बाईनें स्वतः भोगलें होतें, तिला घरीं बसवेना. त्या तेथें गेल्या व मरणाच्या दारीं पडलेल्या मुली आणि बालविधवा घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगमुळें त्यांस ठेवण्याची सोय होईना, म्हणून केडगांवच्या शेतावर त्यांचा निवारा झाला. १९०० सालच्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या, व वस्ती दीड हजारांवर गेली. त्या मुली माग चालवूं लागल्या, शेतांत राबूं लागल्या, छापखान्यांत खिळे जुळवूं लागल्या. मनोरमाबाईंनीं आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकविलें. जिला आप्तांनीं मेली असें धरिलें होतें, ती आपल्या कष्टाची भाकरी खाऊं लागली. उठलेल्या प्रभूनेंहि थकलेल्या शिष्यांसाठीं समुद्रकांठीं विस्तव पेटवून भाकरी व मासळी सिद्ध केली होती, हें आपणांस स्मरत असेलच.

खेड्यांतील साध्या बायांस समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्र असावें, म्हणून रमाबाईंनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून भाषांतर आरंभिलें. तें छापून पुरें होण्यापूर्वींच, १९२१ च्या जुलैंत, मनोरमाबाई देवाघरीं गेल्या. एकुलती एक लेक गेली! तरी कबरीपासून परत येऊन त्या मातेनें हातचें काम पुन्हां हातीं घेतलें. तें संपूर्ण पवित्र शास्त्र १९२४ सालीं केडगांवीं छापून निघालें. तें पाहावयास त्या या जगांत नव्हत्या.

बंधुभगिनींनो, पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याच्याहि डोळ्यांत अश्रु येतात; पण त्याचे हात गळून पडत नाहींत. आपलीं नांवें मंडळीच्या वहींत आहेत, सणाच्या पहांटे आपण गीतें गातों. परंतु सोमवारीं शेतांत, बाजारांत, घरच्या माणसांशीं बोलतांना तें नवें जीवन दिसतें काय? आपल्या गांवांतहि जिला सर्वांनीं टाकलें आहे अशी एखादी बाई असेल. या सणाच्या आठवड्यांत तिच्या दारीं जावें, व रिकाम्या हातानें जाऊं नये.