जॉन मोझेस ब्राऊनिंग : एका शस्त्रकारागिराचे चरित्र

सन १८२५ मध्ये औट्रम साहेबांनी आमच्या खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली व धरणगाव हे तिचे ठाणे झाले. त्या काळी शिपायाला एक बार काढला की दारू व गोळी नळीच्या तोंडातून पुन्हा ठासावी लागे, आणि तेवढ्या अवधीत समोरचा वाघ झेप घेऊन मोकळा होई. ह्यानंतर शंभर वर्षे पुरी होण्याच्या आतच, चाप ओढताच गोळी झाडून रिकामे काडतूस आपणच बाहेर टाकणारे व दुसरे नळीत सरकविणारे, खिशात मावेल एवढे पिस्तूल जगात सर्वत्र पसरले. हा पालट घडविण्यात ज्या पुरुषाचा वाटा फार मोठा, त्याचे चरित्र आम्ही येथे देत आहो. शाळेच्या अंकात शस्त्रांचा विषय कशाला, असे काही पालकांस वाटेल. परंतु वरणगावी १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, व त्यावर आमच्या जिल्ह्यातील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ चालत आला आहे. तेव्हा हा विषय आम्हांस परका नाही.

जॉन मोझेस ब्राऊनिंग ह्यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील यूटा प्रांतात ऑग्डेन गावी झाला. वडील जोनाथन हे बंदुका घडविणारे कारागीर व मॉर्मन पंथाचे अनुयायी. त्यांना तीन बायकांपासून झालेली २२ मुले होती. जॉनला शालेय शिक्षण थोडेच लाभले. वडिलांच्या दुकानातील मोडके लोखंड हीच त्याची पाटी. कुमारवयातच त्याने भंगारातून एक बंदूक जुळवून धाकट्या भावाला दिली.

१८७९ मध्ये, म्हणजे वडील वारले त्याच वर्षी, एकबारी रायफलीचे पेटंट जॉनच्या नावे झाले. भावंडांनी मिळून ऑग्डेनमध्ये लहानसा कारखाना थाटला. हातांनी घासून घासून सुमारे ६०० रायफली त्यांनी तयार केल्या. त्यांतली एक विंचेस्टर ह्या बड्या कंपनीच्या फिरत्या विक्रेत्याच्या हाती पडली व त्याने ती वरिष्ठांकडे धाडली. तिची पारख होताच १८८३ मध्ये कंपनीचे बेनेट नावाचे अधिकारी स्वतः ऑग्डेनला येऊन थडकले. समोर पाहतात तो मोठा कारखाना नाही, नामांकित शास्त्रज्ञ नाही. केवळ चार-दोन भाऊ व त्यांची साधी हत्यारे! तथापि त्यांनी दुकानाच्या थाटाकडे न पाहता मालाकडे पाहिले, आणि ८,००० डॉलर मोजून त्या रायफलीचे हक्क घेतले. बेनेट ह्यांची ही दृष्टी आम्हांस ब्राऊनिंगच्या बुद्धीइतकीच मोलाची वाटते.

धंदा असा भरास आला असता १८८७ मध्ये ब्राऊनिंग सर्व काम बाजूस ठेवून आपल्या पंथाच्या प्रचारासाठी जॉर्जिया प्रांतात गेले, आणि दोन वर्षे त्यांनी त्या सेवेत घालविली. परत आल्यावर १८८९ मध्ये एका नेमबाजीच्या प्रसंगी नळीतून निघणाऱ्या वायूने समोरचे गवत वाकते, हे त्यांच्या ध्यानी आले. गवत वाकलेले सगळ्यांनीच पाहिले असेल. पण जी शक्ती गवत वाकविते तीच बंदूक पुन्हा भरू शकेल, हे सुचले ते ह्यांना.

पुढे त्यांनी गोळी सुटताना मागे बसणाऱ्या धक्क्याचाही असाच उपयोग केला. पिस्तुलाचा वरचा भाग त्या धक्क्याने मागे सरकतो, रिकामे काडतूस फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मुठीतील पेटीतून नवे काडतूस उचलतो. १८९७ मध्ये बेल्जममधील एर्स्टाल येथील राष्ट्रीय शस्त्रकारखान्याचा माणूस सायकलींच्या धंद्याची माहिती काढण्यास अमेरिकेत आला होता. तो सायकलींऐवजी ब्राऊनिंगच्या पिस्तुलाचा करार घेऊन परतला! १९०० मध्ये बेल्जमच्या सैन्याने इतर पिस्तुलांशी ताडून पाहून ते पसंत केले.

सर्वांत कठोर परीक्षा १९११ च्या मार्चमध्ये अमेरिकेत झाली. एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या; शंभर झाल्या की निवण्यापुरती उसंत, हजार झाल्या की तेलपाणी. पुढे वाकडी काडतुसे घालून, चिखलमाती माखूनही पाहिले. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल ३७ वेळा अडले. ब्राऊनिंगचे एकदाही नाही. त्याच महिन्यात सैन्याने ते स्वीकारले.

परंतु यंत्र कोणाच्या हाती जावे हे कारागिराच्या हाती नसते. लंडनहून सावरकरांनी ब्राऊनिंग बनावटीची २० पिस्तुले हिंदुस्थानात पाठविली होती. त्यांतील एकाने २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे ह्यांनी कलेक्टर जॅक्सन ह्यांचा वध केला. जॅक्सन हे संस्कृत व मराठीचे जाणते होते; कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे व देशपांडे ह्यांना फाशी झाली. पुढे १९१४ मध्ये सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजावर चाललेले पिस्तूलही ब्राऊनिंगचेच होते, व त्यातून पहिले महायुद्ध पेटले. ऑग्डेनच्या त्या कारागिराने नाशिकचे नावही बहुधा ऐकले नसेल. त्याला ह्याचा दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. पण हा भाग वगळून त्याची नुसती स्तुती करणेही आम्हांस जमत नाही.

महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा त्यांनी आपल्या शस्त्रांचे हक्क सरकारला ७,५०,००० डॉलरांत दिले. नगावर ठरणारे मानधन मागितले असते तर ह्याच्या कितीतरी पट मिळाले असते. त्यांचा मुलगा व्हॅल त्याच सैन्यात अधिकारी होता, आणि बापाने घडविलेली बंदूक घेऊन तो फ्रान्समध्ये लढला.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी बेल्जमच्या त्याच कारखान्यात काम करीत असता हृदयक्रिया बंद पडून, वयाच्या ७१ व्या वर्षी, ब्राऊनिंग निवर्तले. १२८ पेटंटे त्यांच्या नावे होती. एक नवे ९ मिलिमीटरचे पिस्तूल अर्धवट राहिले होते; ते दियेदोने सेव्ह ह्या कारागिराने १९३५ मध्ये पुरे केले. त्याच बनावटीचे पिस्तूल पुढे बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागले, आणि स्वतंत्र भारताच्या सैन्याच्या व पोलिसांच्या कमरेला लागले.