मोडलेलं नाक आणि हकीम अल-जहरावी

अबुल कासिम अल-जहरावी यांचं नाव घेतलं की त्यांच्या दोनशेच्या आसपास शस्त्रांच्या चित्रांबद्दलच बोललं जातं. पण या हकिमांचा खरा स्वभाव कळतो तो साध्या मोडलेल्या नाकाच्या इलाजात.

इ.स. 936 च्या सुमारास अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, कुर्तुबाजवळच्या मदीनतुज्जहरा इथला त्यांचा जन्म. त्यावरूनच ते जहरावी. आपल्या मुलखात हाताने इलाज करणारे चांगले हकीम उरलेच नाहीत, अडाणी लोक चाकू चालवतात आणि माणसं मरतात, ही त्यांची खंत होती. म्हणून आयुष्यभराचा अनुभव त्यांनी ‘अत-तसरीफ’च्या 30 भागांत लिहून ठेवला. शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, त्यात मोडलेल्या हाडांचं प्रकरण आणि त्यातच नाक.

नाकाचा वरचा भागच हाडाचा असतो, तो मोडतो. खालचा कुर्चेचा, तो चेपतो किंवा वाकडा होतो, हे ते आधी समजावतात. मग चाकू नाहीच! करंगळी हळूच नाकपुडीत घालायची, बाहेरून अंगठा आणि तर्जनी लावायची आणि हाड जागेवर आणायचं, तेही रोग्याला त्रास न देता. बोट पोचत नसेल तर सळईचं जाड टोक. होता होईल तो पहिल्याच दिवशी, नाही तर सात-दहा दिवसांनी सूज उतरल्यावर. आजचे डॉक्टर लोकही जवळपास हेच सांगतात.

आत कापडाची वात ठेवायची. जुने हकीम तिला लोणी लावून रोज बदला म्हणत. जहरावींना ते पटलं नाही. त्यांनी अंड्याचा पांढरा बलक आणि जात्याभोवती साचणारी पिठाची भुकटी वापरली, आणि हाड पक्कं होईपर्यंत वात हलवायची नाही असं सांगितलं. पण मग श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी हंसाच्या पिसाची पोकळ नळी मऊ कापडात गुंडाळून नाकपुडीत घालायची. म्हणजे नाकही सरळ राहतं आणि माणूस गुदमरतही नाही.

1010 मध्ये यादवीत मदीनतुज्जहरा लुटलं, जाळलं गेलं. जहरावींचा इंतकाल 1013 च्या सुमारास झाला. शहर गेलं, किताब वाचली. बाराव्या शतकात तुलैतुला इथे तिचा लॅटिन तर्जुमा झाला आणि युरोपातले वैद्य पुढे कित्येक शतकं ती वाचून शस्त्रक्रिया शिकत राहिले.