सुतारकाम शिकलेला तो इंग्रज, ज्याच्या विमानाने १९७१ मध्ये ‘विक्रांत’वरून झेप घेतली!

पेण, नागोठणे, महाड मागे टाकत मुंबई-गोवा महामार्गाने तुम्ही कितीदा तरी गोव्याला गेला असाल. पण दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर असलेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात कधी थांबलात का? तिथे एक छोटंसं जेट विमान उभं आहे. त्याचं नाव ‘सी हॉक’. १९७१ च्या युद्धात आयएनएस विक्रांतवरून उडालेली लढाऊ विमानं याच जातीची होती.

हे विमान ज्यांच्या देखरेखीखाली घडलं, ते सर सिडनी कॅम मुळात सुतार होते, हे सांगितलं तर खरं वाटेल?

कॅम यांचा जन्म ५ ऑगस्ट १८९३ रोजी इंग्लंडमधल्या विंडसर गावी झाला. वडील सुतार आणि घरात बारा भावंडं, त्यात हे थोरले. शाळा लवकर सुटली आणि हातात रंधा आला. पण डोक्यात विमानं होती. मित्रांसोबत ते विमानांच्या प्रतिकृती बनवायचे आणि जवळच्या ईटन शाळेतल्या श्रीमंत मुलांना विकायचे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानं लाकडाची असत. त्यामुळे सुताराला विमान कारखान्यात काम मिळालं. तिथून ते आराखडे काढायला शिकले. १९२३ मध्ये हॉकर कंपनीत आले आणि १९२५ मध्ये मुख्य डिझायनर झाले. स्वभाव कडक, चूक दिसली की कुणाची गय नाही. पुढची चाळीस वर्षं हॉकरच्या विमानांवर त्यांचाच ठसा राहिला.

त्यांचं सर्वात गाजलेलं विमान म्हणजे ‘हरिकेन’. १९३५ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. शेपटीकडचा भाग नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड, असा जुन्या पद्धतीचा होता. त्यामुळे ते लवकर तयार व्हायचं आणि गोळ्या लागल्या तरी पटकन दुरुस्त व्हायचं. १९४० मध्ये जर्मन हवाई हल्ल्यांपासून ब्रिटन वाचलं, त्यात हरिकेनचा वाटा मोठा होता. पुढे ब्रह्मदेशच्या आघाडीवर भारतीय वैमानिकांनीही ते उडवलं.

मग आलं जेटचं युग. सी हॉकचं मूळ रूप २ सप्टेंबर १९४७ रोजी उडालं. इंजिन धडाच्या मधोमध होतं. त्याचा झोत शेपटीतून न सोडता दोन फाटे करून पंखांच्या मागे दोन्ही बाजूंनी सोडला होता. त्यामुळे मागच्या भागात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख घडी होणारे. नाकात २० मिलिमीटरच्या चार तोफा. पंख मात्र सरळ, त्यामुळे ध्वनीचा वेग गाठणं शक्य नव्हतं. १९७१ उजाडेपर्यंत हे विमान जुनं झालं होतं.

त्यात विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले. विमानवाहू जहाज जोरात धावतं, तेव्हा उडणाऱ्या विमानाच्या पंखांना आयता वारा मिळतो. जहाजाचा वेगच कमी झाला तर? विक्रांतला युद्धात उतरवावं की नाही, हाच प्रश्न होता. अशा वेळी कमी वेगातही हवेत टिकणारे सरळ पंख उपयोगाचे असतात.

शेवटी विक्रांत बंगालच्या उपसागरात गेली. ४ डिसेंबरला सी हॉक्सनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या धावपट्ट्या आणि बंदरावर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानचा समुद्रमार्ग बंद झाला. या युद्धात एकही सी हॉक गमवावं लागलं नाही.

हे पाहायला कॅम नव्हते. १२ मार्च १९६६ रोजी गोल्फ खेळतानाच त्यांचा मृत्यू झाला होता. पण जाण्याआधी त्यांच्या चमूने जागच्या जागी उभं उडणारं विमान तयार केलं होतं. त्यातूनच हॅरियर आलं आणि १९८३ मध्ये सी हॅरियरने भारतीय नौदलात सी हॉकची जागा घेतली.

२०१४ मध्ये मुंबईत विक्रांत भंगारात निघाली. सी हॉक मात्र गोव्यात अजून उभं आहे. पुढच्या सुट्टीत तिकडे गेलात, तर बीचवर जाण्याआधी तासभर तिथे नक्की थांबा!