विश्लेषण : एकट्याने जगप्रदक्षिणा केलेले स्लोकम नेहमीच्या वाटेवर कसे बेपत्ता झाले?

शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी म्हणजे जोशुआ स्लोकम. मात्र ते बेपत्ता झाले ते या धाडसी मोहिमेत नव्हे, तर थंडी टाळण्यासाठी केलेल्या नेहमीच्या सफरीत.

स्लोकम कोण होते?

१८४४ मध्ये आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशियात जन्मलेले स्लोकम वडिलांचा बूट बनवण्याचा धंदा सोडून लहान वयातच समुद्रावर पळाले आणि पुढे अमेरिकी व्यापारी जहाजांचे कप्तान झाले. १८८४ मध्ये पत्नी व्हर्जिनिया यांचे जहाजावर निधन झाले. तीन वर्षांनी ब्राझीलच्या किनाऱ्यावर ते जहाजही फुटले. तोवर वाफेच्या जहाजांमुळे शिडाच्या कप्तानांना काम मिळेनासे झाले होते. १८९२ मध्ये एका परिचिताने त्यांना ‘स्प्रे’ देऊ केली. होडी कसली, शेतात पडलेला सांगाडाच तो! १३ महिने खपून त्यांनी ती जवळपास नव्याने बांधली. खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट.

प्रदक्षिणा कशी झाली?

एप्रिल १८९५ मध्ये बोस्टनहून निघालेले स्लोकम ४६ हजार मैल कापून जून १८९८ मध्ये न्यूपोर्टला पोहोचले. जेमतेम ३७ फुटांच्या ‘स्प्रे’चे वैशिष्ट्य म्हणजे सुकाणूचे चाक बांधून ठेवले तरी ती दिशा सोडत नसे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडून हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपर्यंतच्या २,७०० मैलांत, म्हणजे २३ दिवसांत, ते सुकाणूवर मोजून तीन तास होते. (भारतीयाने अशी एकट्याची प्रदक्षिणा प्रथम केली ती २००९-१० मध्ये, गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी.)

मग दक्षिणेची वाट अवघड का?

प्रवासावरील पुस्तकामुळे नाव झाले, मार्थाज व्हिनयार्ड बेटावर शेतही घेतले. पण स्लोकम तिथे रमले नाहीत. १९०५ पासून ते हिवाळ्यात वेस्ट इंडिजकडे जाऊ लागले. या प्रवासाचे गणित वेळेचे असते. लवकर निघाले तर चक्रीवादळे, उशीर झाला तर हिवाळी वादळे. त्यातून गल्फ स्ट्रीम हा प्रवाह उत्तरेकडे वाहतो. समोरून उत्तरेचा वारा सुटला की लाटा उंच, उभ्या आणि एकमेकींना खेटून येतात. केप हॅटरसजवळ यामुळेच असंख्य जहाजे बुडाली. आज अनेक होड्या नॉरफोकपासून आतल्या कालव्यांनी हा भाग टाळतात. तेव्हा ती सलग वाट तयार नव्हती.

शेवटी काय झाले?

नोव्हेंबर १९०९ मध्ये ६५ वर्षांचे स्लोकम पुन्हा निघाले. ओरिनोको आणि अ‍ॅमेझॉन नद्यांचा शोध घेण्याचाही विचार होता. ‘स्प्रे’ची देखभाल आता पूर्वीसारखी राहिली नव्हती, आणि स्लोकम यांना पोहता येत नव्हते. रात्री एखादे वाफेचे जहाज आदळले असावे, असा एक तर्क आहे. रेडिओ नसल्याने हाक देण्याचा मार्गच नव्हता. होडीची फळीही सापडली नाही. दुसऱ्या पत्नी हेन्रिएटा यांनी १९१० मध्ये आशा सोडल्याचे वृत्तपत्रांना कळवले. कायद्याने त्यांना मृत ठरवले गेले ते १९२४ मध्ये.