लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर

आपल्या बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून जाताना मला लक्ष्मणराव आठवतात. १८६९ साली गुर्लहोसूरला जन्मलेला हा माणूस इथेच सायकलींच्या दुकानातून कारखानदारीकडे वळला. कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत; पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! पुढे नगरपालिकेने जागा सोडायला लावली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळ माळ दिला आणि १९१० मध्ये निवडुंगाच्या त्या रानात किर्लोस्करवाडी वसली.

चरित्रकार इथे त्यांच्या चिकाटीचे गोडवे गातात. चिकाटी होतीच, पण मी पडलो अर्थशास्त्राचा विद्यार्थी, माझी नजर १९१४ कडे वळते. महायुद्धाने परदेशी नांगरांची आयात आटली आणि वाडीच्या नांगराला मागणी आली. त्याच युद्धाने लोखंड आणि भट्टीचा कोकही अडवला. गिऱ्हाईक दारात, अन् कच्चा माल नाही! लक्ष्मणरावांनी कोकऐवजी लोणारी कोळसा वापरून पाहिला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. ज्यांच्या पाठीशी असा राजा नव्हता, असे किती छोटे कारखाने त्या चार वर्षांत बुडाले असतील? त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

१९३० नंतरच्या मंदीत सारे उलटे झाले. धान्याचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या गाठीला पैसा राहिला नाही. आता माल होता, गिऱ्हाईक नव्हते. तेव्हा नांगरांच्या वाडीने पोलादी टेबले-खुर्च्या करायला घेतल्या.