प्रोजेक्टर उघडला आणि कॅमेरा घडला

वाईचा गणपती घाट आणि जवळच्या मेणवलीतील नाना फडणवीसांचा वाडा चित्रपटरसिकांना चांगलाच परिचित आहे. 2004 साली आलेल्या ‘स्वदेस’सह अनेक चित्रपटांचे चित्रीकरण या परिसरात झाले. अशा चित्रीकरणासाठी कॅमेरे आणि इतर सामग्री मुंबईहून आणता येते. वाईवरून वाहणाऱ्या कृष्णेला पुढे नरसोबाच्या वाडीजवळ पंचगंगा मिळते. त्या पंचगंगेच्या काठी, कोल्हापुरात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका चित्रकाराने चित्रपट काढायचा ठरवला, तेव्हा त्याला प्रथम कॅमेराच घडवावा लागला. हा चित्रकार म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. घराण्यात कारागिरीची परंपरा होती. वडिलांच्या हाताशी राहून ते चित्रकला, शिल्पकला आणि यंत्रांची दुरुस्ती शिकले. नात्यातील बंधू आनंदराव यांच्यासमवेत त्यांनी संगीत नाटकांसाठी पडदे रंगवण्यास सुरुवात केली. या पडद्यांची कीर्ती एवढी पसरली, की मेस्त्री हे आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हीच दोघांची ओळख बनली.

1913 मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या दोघांना चित्रपटाच्या ध्यासाने पछाडले. फाळके यांनी 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा विकत घेतला होता. कोल्हापूरच्या या दोन कलावंतांपाशी तेवढे द्रव्य नव्हते. शिवाय 1914 मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर परदेशी यंत्रे मिळवणे अधिकच अवघड झाले. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला. त्यावर लोकांना चित्रपट दाखवता दाखवता ते यंत्राच्या अंतरंगाचा अभ्यास करू लागले.

या अभ्यासाला शास्त्रीय आधार होता. चित्रपटाची फीत सलग सरकत नाही. ती एक चौकट पुढे जाते, क्षणभर थांबते आणि पुन्हा पुढे जाते. ती सरकत असताना प्रकाश अडवणारी झडप मध्ये येते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा या दोन्ही यंत्रांत हीच क्रिया घडते. फरक प्रकाशाच्या दिशेचा आहे. एकात प्रकाश आतून पडद्यावर जातो, दुसऱ्यात तो भिंगातून आत येऊन कोऱ्या फितीवर पडतो. त्यामुळे प्रोजेक्टर समजला, की कॅमेऱ्याचा मार्ग दिसू लागतो. मात्र तो मार्ग सोपा नसतो. कॅमेऱ्याच्या पेटीत एक कवडसाही शिरून चालत नाही. दात्यांच्या चाकात किंचित कसर राहिली, तरी पडद्यावरचे चित्र थरथरते.

प्रयोग चालू असतानाच 1916 मध्ये आनंदरावांचे निधन झाले. यंत्राच्या कल्पनेत आणि घडणीत बरोबरीने वाटा असलेला सहकारी अकाली गेला. हा आघात एवढा मोठा होता, की सारा उद्योग तेथेच थांबला असता तरी कोणी दोष दिला नसता. बाबूरावांनी तो थांबू दिला नाही. विष्णुपंत दामले यांच्यासारख्या कुशल शिष्याच्या साहाय्याने त्यांनी काम पुढे नेले आणि 1918 मध्ये कॅमेरा सिद्ध झाला. देशी बनावटीचा पहिला चित्रपट कॅमेरा म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. याच कॅमेऱ्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याचा तो काळ असूनही त्यात स्त्रियांनीच काम केले. कीचकवधाचे दृश्य तर इतके खरे वाटले, की ते पुढे वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

हाती आलेली वस्तू समजून घ्यायची आणि ती अधिक चांगली करायची, ही बाबूरावांची वृत्ती कॅमेऱ्यापुरती मर्यादित नव्हती. ज्यांचे नाव पडद्यांमुळे झाले, त्यांनीच चित्रपटात सपाट पडद्यांऐवजी प्रत्यक्ष उभारलेले देखावे आणले. ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ या मूकपटातून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःख त्यांनी पडद्यावर आणले. त्याची कथा सांगलीजवळच्या समडोळीत जन्मलेल्या आणि सातारा जिल्ह्यातील कोरेगावात राहिलेल्या ना. ह. आपटे यांची होती. पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी चित्रपटाला फारसा प्रतिसाद दिला नाही. तरीही ध्वनी आल्यावर, 1936 मध्ये, बाबूरावांनी तीच कथा बोलपटाच्या रूपात पुन्हा सादर केली.

दरम्यान 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि व्ही. शांताराम यांनी कंपनी सोडून प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. हाताशी तयार झालेली माणसे गेल्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. बाबूरावांनी नंतरही काही चित्रपट दिग्दर्शित केले. चित्र आणि शिल्प यांची साधना मात्र अखेरपर्यंत सुटली नाही. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे निधन झाले.

बाबूरावांचे नाव निघाले की प्रथम त्या कॅमेऱ्याची आठवण होते. पण तो घडवताना यंत्र उघडून पाहण्याची, चुकले तर पुन्हा बसवण्याची जी शिस्त शिष्यांच्या अंगी बाणली, तिचे मोल कॅमेऱ्याहून कमी नाही. आनंदरावांबरोबर संपू शकली असती ती विद्या बाबूरावांनी शिष्यांच्या हाती सोपवली. प्रभातच्या वैभवाचा पाया कोल्हापूरच्या त्या कारखान्यातच घातला गेला होता.